आभाळात आपलं कोण?

कळसाडीवरून विमान जातं तेव्हा आधी पांढरी रेघ दिसते, आवाज मागाहून येतो. कापूस वेचणाऱ्या बाया क्षणभर मान वर करतात, पोरं बोट दाखवतात, रेघ विरली की ज्याचं त्याचं काम सुरू होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांची विमानाशी ओळख एवढीच. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. ‘विमान’ आणि ‘हवाई जहाज’ हे दोन्ही शब्द मुलांना नीट लिहिता येतात. त्याला हात लावून पाहिलेलं मूल मात्र माझ्या वर्गात अजून आलेलं नाही.

आमच्या घरात विमानात बसलेली व्यक्ती एकच, ती म्हणजे माझ्या सासूबाई. काही वर्षांपूर्वी त्या मुंबईहून हजला गेल्या. त्यांचे वडीलही हजला गेले होते, पण जहाजाने. मुंबईच्या गोदीतून निघालेली हाजींची जहाजं जेद्दाहला पोहोचायला आठवड्याहून अधिक दिवस लागायचे. ही समुद्रवाट 1995 मध्ये कायमची बंद झाली. “अब्बांना जायला जितके दिवस लागले, तितके तास मला लागले नाहीत,” असं अम्मी नेहमी सांगतात. एका पिढीत एवढा फरक कुठून आला, असा प्रश्न मुलांना पडला, तेव्हा मला वाटलं की याचं उत्तर पुस्तकातून नको, डोळ्यांनीच दाखवावं.

संधी मिळाली ती दिवाळीच्या सुटीत. मुंब्र्याला नणंदेकडे निकाह होता. निकाहनंतरचा रविवार आमच्या हाती मोकळा होता आणि गाडी दारात उभी होती. मी ठरवलं, एक दिवस विमानांच्या इतिहासाचा. गाडीत पाच जण: अम्मी, माझे शौहर, नववीतली मोठी मुलगी, सहावीतला धाकटा आणि मी. शौहरांचं मोटारसायकल-ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. इतिहास म्हटलं की त्यांना झोप येते, पण इंजिनाचं नाव काढलं की ते जागे होतात. हे गृहीत धरूनच मी दिवसाची आखणी केली होती.

खरा प्रश्न मात्र आदल्याच प्रवासात निघाला होता. कळसाडीहून निघून सारंगखेड्याला तापी ओलांडली, दोंडाईचा, धुळे, मालेगाव मागे टाकलं आणि नाशिकच्या अलीकडे ओझर लागलं. तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. मिग-21 ही लढाऊ विमानं आपल्याकडे बांधायची म्हणून 1964 मध्ये तो उभा राहिला. पुढे सुखोई-30 सुद्धा तिथेच बांधली गेली. मिग-21 हवाई दलात 1963 साली आलं आणि 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला समारंभाने निवृत्त झालं. बातमी ताजी होती, मुलांनी टीव्हीवर पाहिली होती. आपल्या खान्देशाच्या शेजारीच ही विमानं बनत होती हे ऐकून धाकटा खिडकीला चिकटला. मग जरा वेळाने, अगदी सहज, त्याने विचारलं, “अम्मी, ही विमानं चालवणाऱ्यांमध्ये आपली माणसं असतात का?”

गाडीत कुणी बोललं नाही. ‘आपली माणसं’ म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना कळलं होतं. असा प्रश्न मूल उगाच विचारत नाही. वर्गात, मैदानात किंवा मोबाइलवर काहीतरी कानावर पडलेलं असतं. मी म्हटलं, “असतात. कोण ते मुंबईत दाखवते.”

रविवारी फजरनंतर लगेच निघालो. सफरची दुआ अम्मींनी मोठ्याने पढली. डब्यात मेथीचे पराठे आणि उकडलेली अंडी होती. पहिला मुक्काम जुहू. लोक जुहूला समुद्रासाठी जातात, आम्ही विमानतळासाठी गेलो. 1928 मध्ये सुरू झालेला हा आपल्या देशातला पहिला नागरी विमानतळ. आज तिथून प्रामुख्याने हेलिकॉप्टरं उडतात. आत जाता येत नाही, म्हणून रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. पाच-सात मिनिटांतच एक हेलिकॉप्टर इतक्या खालून गेलं की अम्मींनी ओढणी दोन्ही हातांनी धरली.

तिथेच मी मुलांना 15 ऑक्टोबर 1932 ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा एकटेच एका इंजिनाच्या छोट्या ‘पस मॉथ’ विमानातून कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. ओझं होतं साधारण 25 किलो पत्रांचं. अहमदाबादला विमानात भरायचं पेट्रोल बैलगाडीतून आणलं गेलं होतं. याच टपालसेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली. बैलगाडी आणि विमान एकाच जागी, हे धाकट्याला फार आवडलं. बैलगाडी तर आमच्याकडे अजूनही आहे.

पण त्याहून आवडली ती स्पार्क प्लगची गोष्ट. 1929 मध्ये आगा खान यांनी एक बक्षीस जाहीर केलं होतं. इंग्लंड ते हिंदुस्थान हे अंतर एकट्याने विमानाने कापणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी 500 पौंड. टाटा इकडून निघाले, अस्पी इंजिनिअर नावाचा कोवळा तरुण तिकडून. इजिप्तमध्ये अबूकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पी अडकून बसला होता, त्याच्या विमानाला स्पार्क प्लग हवे होते. टाटांनी स्वतःजवळचे जादा प्लग त्याला दिले. अस्पी पुढे गेला आणि थोड्याच फरकाने बक्षीस त्यानेच जिंकलं. पुढे हाच अस्पी भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

शौहर एवढा वेळ गाडीला टेकून उभे होते. ते उठले, डिकीतल्या हत्यारांच्या पेटीतून एक जुना प्लग काढला आणि धाकट्याच्या हातावर ठेवला. ठिणगी कुठे पडते, पेट्रोल-हवेचं मिश्रण कसं पेट घेतं, प्लग काळा पडला की इंजिन का अडखळतं, सगळं त्यांनी समजावलं. शेवटी म्हणाले, “प्लग न देता ते जिंकू शकले असते. पण रस्त्यात अडलेल्याला सोडून जायचं नसतं, आमच्या धंद्याचा हाच कायदा आहे.” मी वर्गात तासभर बोलले असते तरी हे इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

दुसरा मुक्काम वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. 1985 पासून ते लोकांसाठी खुलं आहे. तिथल्या उघड्या उद्यानात खरंखुरं लढाऊ विमान उभं आहे, ‘मारुत’. नाव ऐकून धाकट्याने आधी मारुती गाडीच शोधली. हे भारतात आखलेलं आणि बांधलेलं पहिलं जेट लढाऊ विमान. बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली त्याचा आराखडा झाला. 17 जून 1961 रोजी ते पहिल्यांदा उडालं. अशी एकूण 147 विमानं बांधली गेली आणि 1971 च्या युद्धात राजस्थानच्या सीमेवर ती लढली.

शौहर विमानाभोवती दोनदा फिरले, खाली वाकून पाहिलं. मी त्यांना सांगितलं, हे आवाजाच्या वेगापेक्षा वेगाने उडावं असं ठरलं होतं, पण त्याला हवं तेवढ्या ताकदीचं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. परदेशी इंजिनवर अवलंबून राहावं लागलं, आणि जे मिळालं ते कमी पडलं. ते म्हणाले, “म्हणजे बॉडी फर्स्ट क्लास, इंजिन कमजोर.” मग मुलीकडे पाहून थांबले. तिच्या दहावीनंतरचा विषय निकाहच्या मंडपात तीन-चार जणांनी काढलेला होता. पुढे शिकवणार का, बाहेरगावी ठेवणार का, की आता बस. त्यांच्या मनात काय आलं ते मला दिसलं.

त्याच सावलीत बसून आम्ही डबा खाल्ला. खाता खाता मी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्याविषयी सांगितलं. रामेश्वरमचा हा मुलगा मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकायला गेला. तिथे विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी दोन निवृत्त विमानं ठेवलेली होती. बाकीचे वसतिगृहावर गेले तरी कलाम त्या विमानांपाशी बसून राहायचे, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. तिथूनच त्यांनी विमानविद्येची वाट धरली. पुढे हवाई दलात वैमानिक होण्यासाठी ते डेहराडूनला गेले. जागा आठ होत्या, त्यांचा क्रमांक नववा आला. वैमानिक होता आलं नाही, पण भारताचं पहिलं उपग्रह प्रक्षेपण यान त्यांच्या देखरेखीखाली उडालं आणि ते राष्ट्रपती झाले. उभं करून ठेवलेलं जुनं विमान काय करू शकतं, ते सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सापडत नाही. वाचकांनो, म्हणूनच मी संग्रहालयाला करमणूक मानत नाही. ज्या मुलाच्या घरात इंजिनिअर नाही, त्याच्यासाठी ती पहिली शिकवणी असते.

मुलीने हळूच विचारलं, “यात मुली कुठे आहेत?” तिच्यासाठी मी एक नाव राखून ठेवलं होतं. हिजाब इम्तियाज अली. उर्दू अदब वाचणाऱ्यांना हे नाव कथालेखिका म्हणून ठाऊक असतं. ‘अनारकली’ नाटक लिहिणाऱ्या इम्तियाज अली ताज यांच्या त्या पत्नी. पण 1936 मध्ये लाहोरच्या फ्लाइंग क्लबमधून त्यांनी विमान चालवण्याचा परवाना मिळवला होता, हे फार जणांना माहीत नसतं. त्याच वर्षी त्याच शहरात सरला ठकराल यांनीही परवाना मिळवला. एक मुस्लीम, एक हिंदू, दोघीही आपल्या पेहरावात, आपल्या घरादारातून उठून आलेल्या. आणि आजचं विचाराल तर, पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून 30 मे 2025 रोजी मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, 17 जणींची.

अम्मी मेथीचा पराठा हातात धरून ऐकत होत्या. म्हणाल्या, “लिहायचं आणि उडवायचं, दोन्ही? एकच बाई?” मी म्हटलं, “एकच.” त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

तिसरा मुक्काम गिरगाव चौपाटी. तिथे विमान नाही, पण विमानाची एक गोष्ट आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये याच किनाऱ्यावर स्वतः बनवलेलं विमान उडवलं, असा दावा अनेकांनी ऐकलेला असतो. मुलांनी तो मोबाइलवर पाहिला होता. त्याच मोबाइलवर त्यांनी दुसराही दावा पाहिला होता: विमानाचा शोध अब्बास इब्न फिर्नास या मुस्लीम विद्वानाने लावला, राइट बंधूंनी नव्हे. पहिला दावा ऐकून मुलं हसली होती, दुसरा ऐकून त्यांची छाती फुगली होती. मला दोन्हींना एकच माप लावायचं होतं, आणि ते आमच्या घरातल्याच मुलांना शिकवायचं होतं.

वाळूत बसून आम्ही पुरावे मोजले. तळपदे खरोखर होऊन गेले, त्यांना या विषयाचा ध्यास होता. पण त्या उड्डाणाचा तपासून पाहता येईल असा पक्का पुरावा नाही. प्राचीन विमानविद्येचा म्हणून जो ग्रंथ सांगितला जातो, त्यातली विमानं उडूच शकणार नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्ये दाखवून दिलं. आता इब्न फिर्नास. ते नवव्या शतकात स्पेनमधल्या कुर्तुबा शहरात होते, 887 मध्ये वारले. पंख बांधून त्यांनी उंचावरून झेप घेतली, काही अंतर तरंगले आणि उतरताना पाठीला मार बसला, कारण पक्ष्यासारखी शेपटी लावायचं राहून गेलं होतं, असं वर्णन आहे. पण हे वर्णन लिहिणारे इतिहासकार अल-मक्करी सतराव्या शतकातले, म्हणजे सातशे वर्षांनंतरचे. इब्न फिर्नास यांच्या काळातल्या एका शायराने त्यांच्या उडण्यावर टोमणा मारला होता, त्यावरून प्रयत्न झाला असावा असं म्हणता येतं. चंद्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव दिलं आहे, हा सन्मान खरा आहे. पण पंख बांधून झेप घेणं म्हणजे विमानाचा शोध नव्हे.

आणि राइट बंधू? 17 डिसेंबर 1903, बारा सेकंद, 120 फूट. छायाचित्र आहे, साक्षीदार आहेत, रोजनिशी आहे आणि ते विमान आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. शिवाय दोघे भाऊ सायकलचं दुकान चालवत, आणि त्यांचं इंजिन चार्ली टेलर नावाच्या त्यांच्या मेकॅनिकने दुकानातच सहा आठवड्यांत बनवलं होतं. हे ऐकून शौहर हसले आणि धाकट्याला म्हणाले, “बघ, मेकॅनिकशिवाय कुणी उडालं नाही.”

मोठीने विचारलं, “म्हणजे इब्न फिर्नास यांचं नाव घ्यायचं नाही?” मी म्हटलं, “घ्यायचं, अभिमानानेही घ्यायचं. जेवढं खरं तेवढंच सांगायचं. आपल्या माणसाबद्दल वाढवून सांगितलं की ऐकणारा खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवत नाही.” खरं बोलण्याची ताकीद आपल्या दीनमध्ये आपल्या फायद्यापुरती दिलेली नाही, एवढं मुलांना कळावं असं मला वाटत होतं.

मगरिब जवळ आली. चौपाटीवरून मलबार हिल समोर दिसते. तिच्या टोकाकडे बोट करून मी धाकट्याला म्हटलं, “ओझरला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथे राहत होतं.” त्या टोकाला राज्यपालांचं निवासस्थान आहे. 1982 ते 1985 या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून तिथे राहिले ते एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ. हैदराबादचे. 1942 मध्ये ते हवाई दलात दाखल झाले, दुसऱ्या महायुद्धात बर्माच्या आघाडीवर उडाले. 1947 मध्ये सैन्याची वाटणी झाली तेव्हा कुठल्या देशाकडे जायचं हे निवडण्याची मुभा होती. सोबतच्या काही मुस्लीम अधिकाऱ्यांचा पाकिस्तानकडे येण्याचा आग्रह होता. लतीफ यांनी भारत निवडला. 1978 ते 1981 ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. सगळ्या विमानांचे, सगळ्या वैमानिकांचे. तू ज्या मिगबद्दल विचारलंस, ती विमानंही त्यांच्याच हुकमात होती. त्यांच्या पत्नी बिल्कीस लतीफ लेखिका होत्या. राजभवनात राहून त्यांनी धारावीतल्या बायकांसाठी काम केलं.

धाकटा थोडा वेळ त्या दिव्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “हे आम्हाला शाळेत का सांगत नाहीत?” मी स्वतः शिक्षिका, तेव्हा उत्तर देणं माझ्यावरच होतं. म्हटलं, “सोमवारी शाळा उघडली की मी सांगणार आहे.”

सांगितलंही. इद्रिस लतीफ आणि अस्पी इंजिनिअर एकाच तासाला, एकाच फळ्यावर. वर्गात भिल्ल, पावरा, पाटील, मुस्लीम अशी सगळी मुलं आहेत. ‘आपली माणसं’ हा शब्द त्या सगळ्यांना पुरेल एवढा मोठा व्हावा, हेच माझं काम.

परतीच्या वाटेवर मुलीने हिशेब मांडला. व्यावसायिक वैमानिक व्हायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, वय 18 पूर्ण हवं, 200 तास उड्डाण हवं. त्याचा खर्च कित्येक लाखांत जातो, तो आमच्या गॅरेजला झेपणारा नाही. प्रबोधिनीतून गेलं तर शिक्षण सरकारी खर्चाने, पण स्पर्धा कठीण. शौहरांनी तिसरी वाट सांगितली: विमान दुरुस्तीचं शिक्षण, किंवा आयटीआय करून ओझरसारख्या कारखान्यात उमेदवारी. चारही वाटांना नववी-दहावीचं गणित पक्कं लागतं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

अम्मी मागच्या सीटवर तसबीह फिरवत होत्या. धुळं गेल्यावर त्या बोलल्या. “अकरावीला सायन्स शहाद्यातच मिळत असेल तर घेऊ द्या. बाहेर ठेवायचं बारावीनंतर बघू.” निकाहच्या मंडपात त्याच म्हणाल्या होत्या की दहावी पुष्कळ झाली. मी काही न बोलता त्यांना पाण्याची बाटली दिली. मुलीने डोळे मिटले होते, पण ती झोपलेली नव्हती.

आपल्या घरांत सुटी म्हणजे लग्न, नातेवाईक आणि खरेदी. त्यातून एक दिवस काढणं अवघड नाही. मुंबईला जाणाऱ्यांसाठी नेहरू विज्ञान केंद्र आहे. गोव्याला जाणाऱ्यांसाठी दाबोळीजवळ बोगमाळोला नौदलाचं हवाई संग्रहालय आहे, तिथे जुनी नौदल विमानं उघड्यावर मांडून ठेवलेली आहेत. आमच्या खान्देशात शिरपूरला वैमानिक प्रशिक्षणाची धावपट्टी आहे. शिकाऊ विमानं आभाळात घिरट्या घालताना लांबूनही दिसतात. जाण्याआधी मुलांना एक-दोन गोष्टी सांगून ठेवा, प्रश्न मात्र त्यांचे त्यांना विचारू द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत न्या. निर्णय घेताना त्यांचा शब्द चालतो, तेव्हा पाहण्याचा हक्कही त्यांचाच आधी.

मोठी आता मगरिबनंतर रोज तासभर गणित सोडवते. परवा एक उदाहरण अडलं तेव्हा दादी तिच्या शेजारी बसून होत्या. गणित त्यांना येत नाही. पण ते सुटेपर्यंत त्या उठल्या नाहीत.